ऊसतोडीला जाताना लेकराच्या लसी चुकू नयेत म्हणून

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. दिवाळीच्या सुमाराला आमच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, शेळी, सरपण सगळं चढतं. लसीचं कार्ड तेवढं पेटीत राहतं. म्हणून बायांनो, निघायच्या आधी पुढची तारीख लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या अन् जावेच्या, दोन्ही फोनांत ठेवा. लेकरू आजीजवळ राहणार असेल तर कार्डही आजीजवळच.

कारखान्यावर पोचलात की तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना गाठा. तुम्ही परगावचे आहात म्हणून लस अडत नाही, सरकारी केंद्रात ती फुकटच. पेंटाचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकाच लसीचे, डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला 9 महिने भरल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. एखादा चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिलेला पुढे देतात.

खरी अडचण खाड्याची. लसीला गेलं की मजुरी जाते, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, मग घरातलंच कुणी म्हणतं, पुढच्या वेळी बघू. एकटीचं मुकादम ऐकत नाही (ऐकला तर नवल!). चार-पाच आयांनी मिळून नर्सताईंना सांगा, लसीकरण कोप्यांवरच, आपल्या झोपड्यांजवळच ठेवा.

झटका आला, लेकरू दूध ओढेना, तर मात्र खाडा विसरून थेट 108. पत्ता सांगताना कारखान्याचं आणि रस्त्याकडच्या वस्तीचं नाव सांगा. उसाचा फड कुणाचा हे ड्रायव्हरला कळत नाही.