बाई, परत लावा!

इंग्रजी ऐकण्याच्या सरावाला पुस्तकातला उतारा ऐकवला की आठवीची मुलं गोष्ट ऐकत नाहीत, प्रश्नाचं उत्तर तेवढं टिपतात. म्हणून मी अशा गोष्टी निवडते ज्यांचं उत्तर मलाही ठाऊक नाही. हर्णै बंदराजवळच्या माझ्या वर्गात सगळ्यात चालते ती ‘मेरी सेलेस्ट’ जहाजाची.

गोष्ट आयती घेऊ नका. बारा-पंधरा सोप्या इंग्रजी वाक्यांत स्वतः लिहा आणि फोनवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करा. भुताखेतांची फोडणी नको, खरे तपशील पुरेसे आहेत. ७ नोव्हेंबर १८७२ रोजी जहाज न्यूयॉर्कहून जेनोआकडे निघालं. मद्यार्काची १७०१ पिंपं, कप्तान ब्रिग्ज, त्यांची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी. डिसेंबरच्या सुरुवातीला अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान दुसऱ्या जहाजाला ते भरकटताना दिसलं. वर माणूस एकही नाही. होडी गायब, एक पंप सुटा करून ठेवलेला, तळात साडेतीन फूट पाणी, सहा महिन्यांची शिधासामग्री जागच्या जागी. प्रवासाची शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची.

पहिल्यांदा वह्या बंद आणि प्रश्न एकच: जहाजावर काय नव्हतं? दुसऱ्या वेळी ‘होतं’ आणि ‘नव्हतं’ असे दोन रकाने. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, चित्र काढलं तरी चालेल. आकड्यांपाशी मात्र थांबा. ‘सेव्हन्टीन’चं हमखास ‘सेव्हन्टी’ होतं, तेवढाच तुकडा पुन्हा लावा.

मग वाद होऊ द्या, मराठीत झाला तरी हरकत नाही. माझ्याकडे तांडेलांची, म्हणजे मासेमारी होड्यांच्या म्होरक्यांची मुलं आहेत. साडेतीन फूट पाण्याला एवढं मोठं जहाज सोडतं का कुणी, असं एक म्हणतो. दुसरा लगेच, “पंपच बंद पडला तर पाणी किती चढलंय ते कळायचं कसं?” पंपाबद्दल नक्की काय सांगितलं होतं यावर जुंपते आणि “बाई, परत लावा!” सुरू होतं. मला हवं असतं ते हेच. तिसऱ्यांदा मुलं आपणहून कान देतात, आणि तेव्हाचं ऐकणं सगळ्यात बारकाईचं असतं.

पुढच्या तासाला दुसऱ्या शिक्षकांकडून नेहमीच्या वेगात तीन-चार तर्क बोलून घ्या: मद्यार्काच्या वाफेने स्फोटाची भीती वाटली असेल, पंप बिघडला असेल. ‘माइट हॅव’ भरभर बोलताना ‘माइटव्ह’ होतं. बोलणाऱ्याची खात्री आहे की नुसती शंका, एवढंच मुलांनी हात वर करून सांगायचं.

हे जमलं की राजापूरजवळच्या बारसूची कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली चित्रं घ्या. ती कुणी कोरली हे अजून उलगडलेलं नाही. मुलं तयार झाली की अमेलिया इअरहार्ट, १९३७ मध्ये पॅसिफिकवर विमानासह बेपत्ता झालेली अमेरिकी वैमानिक: रेडिओवरून तिचा आवाज वाट पाहणाऱ्या जहाजावर पोचत होता, जहाजाचं बोलणं तिच्यापर्यंत बहुधा पोचत नव्हतं. हा भाग तसाच अस्पष्ट ऐकू यावा म्हणून पंखा फुल्ल ठेवून, फोन वर्गाच्या टोकाला ठेवून ऐकवा.

“खरं काय झालं?” असं विचारतीलच. कुणालाच माहीत नाही, असं स्पष्ट सांगा आणि गृहपाठ द्या: आपला तर्क तीन इंग्रजी वाक्यांत घरच्या फोनवर रेकॉर्ड करायचा, उद्या शेजारच्याने तो ऐकून वर्गाला सांगायचा.