घोळणा फुटल्यास काय करावे

नाकात शिरलेली हवा घशाकडे जाण्यापूर्वी गरम आणि दमट व्हावी यासाठी नाकाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात अनेक धमन्यांच्या शाखा एकत्र येतात आणि तिथले अस्तर पातळ असल्यामुळे कोरड्या हवेने किंवा नखाने ते सहज फाटते. बहुतेक वेळा घोळणा फुटतो तो इथेच, म्हणजे बोटांनी दाबता येईल अशा जागी, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट आहे.

रुग्णाला ताठ बसवून डोके किंचित पुढे झुकवायला सांगावे. आपल्याकडे डोके मागे टाकून टाळूवर पाणी मारण्याची रीत आहे, परंतु तसे केल्याने रक्त नाकाच्या मागून घशात उतरते, पोटात गेल्यास उलटी होऊ शकते आणि श्वासनलिकेकडे गेल्यास ठसका लागतो. त्यानंतर नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून १० ते १५ मिनिटे सलग दाबावा, तोंडाने श्वास घ्यावा आणि तोंडात आलेले रक्त थुंकून टाकावे. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच चिमटी सोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण धरू लागलेली गुठळी त्यामुळे सुटते. हाडावर दाबून काही उपयोग नाही, आणि कांदा हुंगवण्यावर विसंबून तर मुळीच राहू नये.

नंतर काही तास नाक शिंकरू नये. नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, डोक्याला मार लागला असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.