घरच्या घरी बहाई प्रार्थना सभा: वेच्यांची निवड, चाल आणि चहा

बहाई हा एकोणिसाव्या शतकात इराणात सुरू झालेला धर्म. त्याच्या प्रार्थना सभेला पुजारी लागत नाही, पूजेचं साहित्य लागत नाही, मुहूर्त तर नाहीच नाही. म्हणून पहिल्यांदा सभा ठेवणाऱ्याला वाटतं, तयारी ती कसली करायची? चार माणसं बोलवू, पुस्तक उघडू, वाचू. मग अर्धा वेळ पानं चाळण्यात जातो, एकटाच माणूस सगळं वाचतो, मध्येच कुणीतरी अर्थ समजावून सांगायला लागतं आणि पुढच्या वेळी शेजारचे काही ना काही कारण काढून येत नाहीत. विधी ठरलेले नसतात, म्हणूनच क्रम, वेळ आणि सूर आधी ठरवावे लागतात.

एक गल्लत सुरुवातीलाच टाळा. बहाई पंचांगात एकोणीस दिवसांचे एकोणीस महिने आणि वर उरलेले चार किंवा पाच दिवस असतात. दर महिन्याला भरते ती 'एकोणीस दिवसांची मेजवानी'. तिचे तीन भाग असतात: प्रार्थना, समाजाच्या कामकाजावर सल्लामसलत आणि शेवटी खाणंपिणं. दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्यामुळे ती बरेचदा आपल्या कॅलेंडरवरच्या आदल्या संध्याकाळी येते. तो बहाई समाजाचा आपला आपला मेळावा. प्रार्थना सभा मात्र सगळ्यांसाठी खुली असते. शेजारी, ऑफिसातले, मुलांच्या मित्रांचे आईवडील, कुठल्याही धर्माचे किंवा कुठलाच धर्म न मानणारे. तिथे समाजाची पत्रं, हिशेब, निवडणुका यातलं काही काढू नये. पैशांची पेटी तर अजिबात फिरवू नये. बहाई निधीला वर्गणी फक्त बहाईच देऊ शकतात, त्यामुळे शेजाऱ्याने पन्नासची नोट काढली तर ती हसून परत करायची.

नमुना हवा असेल तर दिल्लीचं बहाईंचं कमळ मंदिर डोळ्यांसमोर ठेवावं. फरीबुर्ज सहबा यांनी आराखडा केलेलं हे मंदिर १९८६ मध्ये खुलं झालं. आत प्रवचन होत नाही, मूर्ती नाही, वाद्य नाही; निरनिराळ्या धर्मांचे पवित्र वेचे वाचले जातात आणि गायन फक्त माणसाच्या गळ्यातून येतं. वाद्यांची मनाई मंदिरापुरती आहे, घरी पेटी-तबला-गिटार खुशाल चालतात. पण प्रवचन नसण्याची शिस्त मात्र घरीही पाळावी. ज्या सभेत भाषण शिरतं, त्या सभेतून माणसं हळूहळू बाहेर पडतात.

खोलीची मांडणी सोपी आहे. गोल बसायचं, सतरंजीवर बसणारे बसतील, गुडघेदुखीवाल्यांसाठी चार-पाच खुर्च्या, पण त्या गोलाच्या मागे नव्हे, गोलातच. पुढे टेबल मांडून 'स्टेज' करू नये. हौसेने तसबीर लावून हार घालायचा बेत असेल तर थांबा. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह आणि त्यांचे अग्रदूत बाब यांची चित्रं दर्शनी लावायची नसतात. बहाउल्लाहांचे पुत्र अब्दुल-बहा यांचा फोटो घरात असला तर हरकत नाही, पण त्यालाही हार-उदबत्ती नको. फुलदाणी आणि हवा तर एक दिवा, एवढं पुष्कळ झालं. पंख्याचा खडखडाट, दाराची बेल आणि कुकरची शिट्टी या तीन आवाजांचा बंदोबस्त आधी करा. मोबाइल सायलेंटवर टाका, हे सांगायला हवंच. लाउडस्पीकरची गरज बारा माणसांना पडत नाही आणि सोसायटीत नसती कटकट होते.

वेळ ठरवताना आपल्याकडची घरं कशी चालतात ते बघावं. संध्याकाळी सात ते नऊ मालिकांचा पहारा, रविवारी सकाळी बाजारहाट. रविवारी संध्याकाळी साडेपाच बहुतेकांना जमतं. महिन्यातून एकदा ठेवा किंवा पंधरवड्याला, पण वार आणि वेळ बदलू नका. दर वेळी 'कधी जमेल?' असं विचारत बसलं की तिसऱ्या सभेनंतर ती बारगळते. साधारण २ ते २० मार्च हा बहाई उपवासाचा काळ असतो, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. तेवढ्या दिवसांत सभा सूर्यास्ताच्या जरा आधी सुरू करून खाण्यापाशी संपवावी.

आता वेचे. बारा माणसांच्या सभेला नऊ वेचे आणि तीन गाणी पुरतात. सावकाश, मोठ्याने मराठी वाचलं तर मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्द होतात, म्हणून वेचा शंभर शब्दांच्या आतला निवडावा. नऊ वेच्यांना दहाएक मिनिटं, गाण्यांना बारा आणि प्रत्येकानंतर पंधरा सेकंदांची शांतता धरली तर अर्ध्या तासात सभा होते. पाच वर्षांखालची पोरं असतील तर दोन वेचे कमी करा. एक विषय धरला की निवड सोपी जाते: एकोपा, आजारी माणसासाठी प्रार्थना, मुलांसाठी, दिवंगतांसाठी. पाच-सहा वेचे बहाई लेखनातले, बाकी गीता, कुराण, बायबल, धम्मपद यांतले. घरच्या सभेत अभंगही शोभतो, आणि मराठी घरात तो असावाच, कारण आजी-आजोबांचा गळा तिथेच मोकळा होतो.

दोन नियम पक्के ठेवा. बहाईंची रोजची अनिवार्य नमाजवजा प्रार्थना ज्याने त्याने एकट्याने करायची असते, ती सभेत घेऊ नये. अंत्यविधीची प्रार्थना सोडली तर समूहाने, कुणाच्या तरी मागे उभं राहून करायची प्रार्थना बहाई धर्मात नाही. वेचा एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा; चाल लावलेल्या प्रार्थनेचं ध्रुवपद तेवढं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. दुसरा नियम मजकुराचा: छापील, मान्यताप्राप्त अनुवाद घ्या, आपणच रात्री बसून केलेलं भाषांतर प्रार्थना म्हणून वाचू नका. मराठी अनुवाद बहुधा अब्दुल-बहांचे नातू शोगी एफेंदी यांच्या इंग्रजी अनुवादाच्या आधाराने होतात, त्यामुळे वाक्यं लांब आणि भाषा भारदस्त येते. ती बोलीत उतरवायचा मोह होतो. तो आवरावा आणि तेवढी मेहनत वाचण्यावर घ्यावी.

वाचनाचं पान असं करा: ए-फोर कागद अर्धा कापून त्यावर एकच वेचा, अक्षर अठरा पॉइंटचं, ओळ वाक्याच्या अर्थाला तुटेल अशी. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ. हे पान वाचणाऱ्याला निदान दोन दिवस आधी पोचलं पाहिजे. ऐन वेळी कागद हातात दिला की माणूस जोडाक्षरावर अडखळतो, ओशाळतो आणि पुन्हा कधी 'मी वाचतो' म्हणत नाही. ऐकणाऱ्यांना मात्र वेच्यांच्या प्रती वाटू नयेत. कागद हातात आला की लोक ऐकायचं सोडून पुढचं वाचत बसतात. त्यांना फक्त गाण्याच्या ओळी द्या. पुण्या-मुंबईत इराणी कुटुंबातलं कुणी फारसीत प्रार्थना गात असेल तर ती सलग होऊ द्यावी. ओळीओळीला भाषांतर करू नये, आशय दोन वाक्यांत आधी सांगून ठेवावा.

चाल लावणं हा सगळ्यात कसाचा भाग. प्रार्थना गद्यात असतात. अभंगाची, ओवीची सवय असलेला गळा त्यांना केरव्यात कोंबायला बघतो आणि मग मात्रा भरायला 'रे', 'हो', 'गं' घुसवतो, नाहीतर जड शब्द गाळून टाकतो. इथे तसं चालत नाही. शब्द बदलायचे नाहीत, घालायचे नाहीत, गाळायचे नाहीत. एखादं पद पुन्हा पुन्हा म्हणायला हरकत नाही, आणि चालीची किल्ली तिथेच आहे.

आधी वेचा तीनदा नुसता वाचा आणि आवाज आपोआप कुठे चढतो, कुठे टेकतो, ते खुणा करून ठेवा. मग सगळ्यात छोटं, कान पकडणारं पद शोधा. बहुतेक प्रार्थनांत ते देवाला घातलेली हाक असते. ते झालं ध्रुवपद. तेवढंच तालात बांधा, दादरा किंवा केरवा, आणि ते सगळ्यांनी म्हणायचं. मधली लांब वाक्यं एकाने तालाविना, तानपुऱ्यावर, तीन-चार सुरांत म्हणायची आणि वाक्य संपलं की पुन्हा ध्रुवपदावर यायचं. अशाने शब्द शाबूत राहतात आणि गाणंही सगळ्यांचं होतं.

सूर कुठे लांबवायचा यावर अर्थ ठरतो. 'हे माझ्या परमेश्वरा' एवढं पद घेतलं तरी बघा. 'प' आणि 'र' ऱ्हस्व आहेत. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'प'वर आणून तो ओढला की 'पा-रमेश्वरा' ऐकू येतं. सूर 'मे'वर थांबवावा, नाहीतर शेवटच्या 'रा'वर. ऱ्हस्वावरून झटकन पुढे जायचं, दीर्घावर विसावायचं, एवढं पथ्य पाळलं तरी निम्म्या चुका जातात. चाल बसली की फोनवर रेकॉर्ड करून तो मजकूर न वाचलेल्या माणसाला ऐकवा. त्याला शब्द कळले नाहीत तर चाल कितीही गोड असली तरी बदला.

पट्टी निवडताना चांगला गाणारा आपली पट्टी लावतो आणि बाकीचे तोंड मिटतात. काळी एक घ्या आणि चाल मंद्र पंचम ते मध्य पंचम, म्हणजे खालच्या 'प'पासून मधल्या 'प'पर्यंत, एवढ्यातच फिरवा. पुरुष खालच्या सप्तकात, बायका आणि मुलं वरच्या सप्तकात गातील, कुणालाच ताण पडणार नाही. भूप राग या टापूत छान बसतो: प ध सा रे ग प. मध्यम-निषाद नसल्यामुळे नवख्यांचे सूरही फारसे घसरत नाहीत. तारसप्तकातली जागा घ्यायचीच असेल तर ती एकट्याच्या वाक्यात घ्या. पेटीवाला नसेल तर तानपुऱ्याचं ॲप पुरेसं आहे, पण फोन गोलाच्या मध्ये न ठेवता कोपऱ्यात ठेवा.

मुलांना नुसतं गप्प बसवून ठेवलं की ती चुळबुळतात. त्यांना एकेक काम द्या: एकाने दोन ओळींची प्रार्थना पाठ म्हणायची, एकाने ध्रुवपद उचलायचं, मोठ्या मुलीने पुढच्या वाचकाकडे नुसत्या नजरेने खूण करायची. पाठ म्हणताना मूल अडकलं तर चौफेर शब्द पुरवू नयेत. एकाच मोठ्याने, तेही हळूच. टाळ्या वाजवायच्या नाहीत, मुलाच्या नाहीत की गायकाच्याही नाहीत. एकदा वाजल्या की पुढचा माणूस सादर करायला लागतो.

खाण्यात पोहे-उपमा नकोत. ते गरमच लागतात, त्यामुळे घरची बाई सभाभर स्वयंपाकघरात अडकते आणि तिच्याच घरातली सभा तिच्याविना होते. आधी करून ठेवता येईल असं काढा: बारा जणांना सहाशे ग्रॅम चिवडा आणि प्रत्येकी एक शेंगदाण्याचा लाडू. चहाला सहाशे मिली पाणी, सातशे मिली दूध, सहा चमचे पावडर, आठ-नऊ चमचे साखर. सभेआधी करून दीड लिटरच्या थर्मासमध्ये भरा. बिनसाखरेचे दोन कप वेगळे काढायला विसरू नका. हा प्रसाद नव्हे, त्यामुळे कुणी नको म्हटलं तर आग्रह नको.

'बहाई म्हणजे नक्की काय?' हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर येतो, आणि त्याची जागा तीच. विचारलं तेवढंच सांगावं. बहाउल्लाहांची काही पुस्तकं एकोणिसाव्या शतकातच मुंबईत छापली गेली होती, पाचगणीत बहाईंची शाळा १९४५ पासून आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं आणि गप्पा पुढे सरकतात. कुणी मुलांच्या वर्गाबद्दल किंवा बारा ते पंधरा वयाच्या मुलांच्या गटाबद्दल विचारलं तर वार-वेळ सांगा, पण पत्रकं हातात कोंबू नका.

नेहमीची माणसं पंधराच्या वर गेली की मोठा हॉल शोधण्यापेक्षा दुसऱ्या घरी दुसरी सभा सुरू करावी. पंधराच्या पुढे गोलाचे दोन गोल होतात, मागचे नुसते प्रेक्षक होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वाचन येत नाही. नव्या घराला वाचनाच्या पानांचा एक संच, दोन बसलेल्या चाली आणि ध्रुवपद उचलणारा एक माणूस एवढं द्यावं. पहिल्या दोन-तीन सभांना चहाचा थर्मासही.