पालिकेच्या इमारतीत रॅम्प, स्वच्छतागृहासाठी निधी मागताय? या चुका टाळा

नगरपरिषदेसमोर चार पायऱ्या, बाजूला रॅम्प आणि रॅम्पवर उभ्या मोटारसायकली. पैसे खर्च झाले, बिल निघालं, तरी व्हीलचेअरवरचा माणूस घरपट्टी भरायला आत जाऊ शकत नाही. निधी नव्हता म्हणून असं होतं, हे क्वचितच खरं असतं. बहुतेक वेळा गडबड मागणीच्या कागदातच असते.

‘रॅम्प बांधणे – १ काम’ एवढंच लिहू नका. आधी जोत्याची उंची मोजा. उतार १:१२ हवा, म्हणजे १ मीटर उंचीला १२ मीटर लांबी. १५० मिमीच्या चार पायऱ्या म्हणजे ६०० मिमी, त्याला ७.२ मीटर रॅम्प लागतो. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी १.५ मीटर सपाट जागा. एकूण १०.२ मीटर. आवारात इतकी जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या: ३.६ मीटरचे दोन टप्पे, मध्ये १.५ मीटरची सपाट जागा. मग लांबीला साधारण ६.६ मीटर पुरतात, रुंदीला मात्र अडीच-पावणेतीन मीटर लागतात. ही मापं अंदाजपत्रकात नसली की ठेकेदार जागा असेल तेवढ्यात बसवतो. ६०० मिमीला अडीच मीटरचा रॅम्प झाला की उतार जवळजवळ १:४ होतो. त्यावर चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. असा रॅम्प नसलेलाच बरा.

रुंदी किमान १२०० मिमी हवी. दोन्ही बाजूंना ७०० आणि ९०० मिमी उंचीवर कठडे हवेत, तेही रॅम्पच्या दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे आलेले. उघड्या बाजूला कडा उचललेली हवी, नाहीतर चाक घसरून खाली जातं. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल पावसात घसरते. झाडूने रेघा ओढलेलं काँक्रीट स्वस्तही पडतं आणि पकडही देतं.

चुकीच्या खात्यातून पैसे मागू नका. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा निधी बऱ्याचदा वर्षभर पडून राहतो आणि मार्चमध्ये घाईने वाटला जातो, त्यात रॅम्पसारखी सामूहिक कामं मागे पडतात. म्हणून प्रस्ताव नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच द्या, म्हणजे पालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात ते काम नावानिशी येईल. नवी इमारत बांधली जात असेल तर मात्र या ५ टक्क्यांना हात लावू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगम्यता (दिव्यांगांना अडथळ्याविना ये-जा आणि वापर करता येणं) नसलेल्या नव्या इमारतीला परवानगीच देता येत नाही, त्यामुळे तो खर्च इमारतीच्याच किमतीत यायला हवा. जुन्या इमारतीची दुरुस्ती मंजूर झाली असेल तर रॅम्प त्याच अंदाजपत्रकात घाला. वेगळी निविदा काढण्याचा वेळ वाचतो.

इमारत कोणाच्या मालकीची आहे, हे आधीच बघा. दुसऱ्या विभागाची असेल तर ना-हरकत पत्राशिवाय तांत्रिक मान्यता, म्हणजे कामाच्या अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी, अडते.

सुगम्यतेच्या मापांबद्दल ‘या फक्त मार्गदर्शक सूचना आहेत’ असं उत्तर मिळालं तर दोन गोष्टी लेखी मांडा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. आणि सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

स्वच्छतागृहात आधी फरशी, मग आधारदांडी, असा क्रम ठेवू नका. चार इंची विटांच्या भिंतीत साध्या प्लगवर बसवलेली दांडी काही महिन्यांत हलायला लागते. कमोडवर बसताना माणूस सगळा भार तिच्यावर टाकतो, ती उखडली तर तो थेट फरशीवर पडतो. दांडी येईल तिथे भिंतीत काँक्रीटचा ठोकळा भरा, मगच टाइल लावा. दार ९०० मिमी मोकळं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही. खुर्ची वळायला १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा सोडा. झाडू-बादल्या ठेवायची सोय दुसरीकडे करा, नाहीतर कुलूप लागून त्याची कोठी होते.

लिफ्टवर आधी उडी मारू नका. देखभालीचा करार आणि वीज दरवर्षी लागते, ती तरतूद नसली की लिफ्ट बंद पडून राहते. दाखले, घरपट्टी, पाणीपट्टीच्या खिडक्या तळमजल्यावर आणायला ठराव आणि चार टेबलं पुरतात. हे आधी मागा.

अंतिम बिलाआधी तपासणी चुकवू नका. १.२ मीटरची सरळ फळी रॅम्पवर ठेवा. वरचं टोक रॅम्पला टेकलेलं राहू द्या, खालचं उचला आणि वर लेव्हल ठेवून फळी आडवी करा. उचललेल्या टोकाखालची फट १०० मिमीपेक्षा जास्त भरली तर उतार चुकलाय. हे माप दोन-तीन ठिकाणी घ्या, कनिष्ठ अभियंत्यासमोर घ्या आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदवायला लावा. त्याच दिवशी गावातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला, कोणी न ढकलता, फाटकापासून खिडकीपर्यंत जाऊन यायला सांगा. जिथे अडेल तिथली दुरुस्ती बिल निघण्याआधीच करून घ्या.