बाळाच्या डोक्यावरचं टेंगूळ: तेलाची वाटी बाजूला ठेवा

धायरीला भाचीकडे गेले, तर मालिशवाल्या मावशी तेलाची वाटी घेऊन बसलेल्या. बाळ चार दिवसांचं, व्हॅक्यूम लावून (डोक्याला कप लावून, ओढून) झालेलं, डोक्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. "चोळून बसवते," म्हणाल्या. मी वाटी उचलून आत नेऊन ठेवली. बाळांच्या आयसीयूत २७ वर्षं सिस्टर होते मी. असलं टेंगूळ आपलं आपण जिरतं, फक्त त्याला कुणी छेडायचं नाही.

आधी डॉक्टरांकडून नक्की काय आहे ते विचारून घ्या. जन्मतःच दिसणारी मऊ, पसरट सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. भाचीच्या बाळाचं वेगळं होतं: जन्मानंतर काही तासांनी फुगलेलं, एकाच हाडाच्या हद्दीत. कवटीचं हाड आणि त्यावरचा पापुद्रा यांच्यात रक्त साठतं, त्याला सेफलहिमॅटोमा म्हणतात. जिरायला दोन आठवड्यांपासून तीन महिने लागतात. मध्येच कडा टणक, मधोमध खोलगट लागेल. घाबरू नका, पुढच्या तपासणीला दाखवा.

चोळणं नको, शेक नको, टाळू भरताना त्या बाजूला बोटही नको. "सुईने रक्त काढा ना," असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. सुईच्या वाटेने जंतू आत जातात.

साठलेलं रक्त विरघळताना कावीळ वाढते, म्हणून रोज सकाळी खिडकीशी कपडे काढून बाळ बघा. पिवळेपणा पोटाखाली उतरला, बाळ दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखाना. गॅलरीतलं कोवळं ऊन दवाखान्यातल्या काविळीवरच्या निळ्या दिव्यांचं काम करत नाही. टेंगळाचा रोज एक फोटो काढा, एकाच बाजूने.

सूज कानामागे, मानेकडे पसरू लागली आणि बाळ पांढरं पडलं, तर १०८ लावा. तीन किलोच्या बाळात रक्त असतं जेमतेम २५० मिली. डोक्याच्या कातडीखाली ते बघता बघता साठतं. झटका, किंचाळून रडणं, फुगलेली टाळू, टेंगूळ लाल-गरम होणं, ताप, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका.

टेंगळाऐवजी चेपलेल्या चेंडूसारखा खड्डा असेल, तर मेंदूच्या सर्जननाच दाखवा. काही खड्डे आपोआप वर येतात, काही व्हॅक्यूमच्या कपाने उचलता येतात, काहींना छोटा छेद लागतो. ते स्कॅन बघून ठरतं.

मावशींना मी पाठ आणि पाय चोळायला दिले. त्या फार सुरेख चोळतात.