एकच घर, दोन हिशेब: मालक आणि गुंतवणूकदार यांच्यामध्ये काम करताना

घर विकायला काढलेला मालक आणि ते घ्यायला आलेला गुंतवणूकदार एकाच किमतीवर बोलत असतात, पण दोघांच्या डोक्यातला हिशेब वेगळा असतो. सगळं देऊन झाल्यावर हातात किती उरणार, हे मालक बघतो. गुंतवणूकदार बघतो, अडकवलेल्या पैशावर दरसाल किती सुटणार. भावाची बोलणी सुरू होण्याआधी हे दोन्ही हिशेब कागदावर मांडणं हे एजंटचं मुख्य काम आहे. ते राहिलं की घासाघीस नुसत्या अंदाजावर चालते आणि व्यवहार मोडतो तो टोकन दिल्यानंतर, जेव्हा मोडणं दोघांनाही सगळ्यात महाग पडतं.

मालकाकडची पहिली भेट

मालक दारातच विचारतो, "किती येतील?" तिथल्या तिथे आकडा सांगू नका. एकदा तोंडातून गेलेला आकडा मालकाच्या मनात किमान भाव म्हणून बसतो आणि नंतर कितीही पुरावे दाखवले तरी खाली येत नाही. आधी कागद मागा. मालकी कुणाकुणाच्या नावावर आहे, सगळे सह्या करायला तयार आहेत का, वारसांपैकी कुणी परगावी आहे का, हे त्याच दिवशी विचारा. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून आजच्या तारखेचं थकबाकीचं पत्र आणायला सांगा. मालकाला आठवणारी रक्कम बहुतेकदा जुनी असते आणि मुदतीआधी फेडण्याचं शुल्क असेल तर तेही त्यात धरलेलं नसतं.

मग घर मोजा. लेझर मीटरने प्रत्येक खोली भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत घ्या आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहा. बाल्कनी आत घेतली असेल किंवा भिंत हलवली असेल तर बँकेचा मूल्यमापक ते पकडणारच, तेव्हा ते आधी तुम्हाला कळलेलं बरं. ओल शोधायची तर बाथरूमला लागून असलेली भिंत दुसऱ्या खोलीतून पाहा. तिथे बहुतेक वेळा कपाट ठेवलेलं असतं. ते हात जाईल एवढं तरी सरकवायला सांगा. खिडकीखालचे कोपरे आणि छताचे सांधेही बघा. एखाद्याच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. दोष लपवून आणलेला गिऱ्हाईक दुसऱ्या भेटीत तो शोधतो आणि मग नसलेल्या दोषांचेही पैसे कापून मागतो.

भाव ठरवताना

गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली तीन ते पाच घरं घ्या, शक्यतो त्याच इमारतीतली किंवा शेजारची. जाहिरातीत लावलेले भाव ही मालकांची अपेक्षा असते, त्यांना तुलनेत जागा नाही. क्षेत्रफळ सगळीकडे एकाच मापात आणा. एकीकडे कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) आणि दुसरीकडे बिल्ट-अप (भिंतींच्या जाडीसकट) धरला तर पुढचं सगळं गणित फुकट.

नव्या एजंटांचं गणित इथे नेहमी उलटं होतं. दोन घरांतल्या फरकाची बेरीज-वजाबाकी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायची असते, आपल्या घराच्या नव्हे. समजा एक घर 56 लाखांना गेलं, त्याला पार्किंग होतं आणि आपल्या घराला नाही. पार्किंगचा फरक 3 लाखांचा असेल तर ते त्यातून वजा करा, म्हणजे 53 लाख. दुसरं 50 लाखांना गेलं, पण त्याचं स्वयंपाकघर आणि बाथरूम जुनं होतं, आपलं नवं आहे. तिथे 3.5 लाख मिळवा, म्हणजे 53.5 लाख. एखाद्या घरात किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी बेरीज-वजाबाकी करावी लागत असेल तर ते घर तुलनेचं नाहीच, सोडून द्या. उरलेल्यांतून एक पट्टा मिळतो, समजा 53 ते 54.5 लाख. मालकाला पट्टाच सांगा, एक आकडा नको.

यानंतर हातात पडणाऱ्या रकमेचा तक्ता करा. विक्री 54 लाख. त्यातून कर्जाची थकबाकी 18,50,000, तुमचं 2 टक्के कमिशन 1,08,000, देखभालीची बाकी 36,000, वकील आणि कागदपत्रं 25,000, कबूल केलेली दुरुस्ती 40,000. हातात उरतात 33,41,000. नफ्यावरचा कर वेगळा, तो मालकाने आपल्या कर सल्लागाराकडून काढून घ्यावा. त्याचा आकडा एजंटने सांगू नये.

हाच तक्ता 5 टक्के कमी भावाने पुन्हा मांडा. भाव 2,70,000 ने उतरला तर कर्ज आणि खर्च तेवढेच राहतात, म्हणून (कमिशन तेवढंच धरलं तर) हातातली रक्कम 8 टक्क्यांनी घटून 30,71,000 होते. कर्ज असलेला मालक लहानशा सवलतीलाही का अडतो, ते इथे कळतं. शिवाय नंतर ऑफर आली की त्याला निर्णय पटकन घेता येतो, कारण खालचा आकडा त्याने आधीच पाहिलेला असतो.

मालकाशी करार लेखीच करा. त्यात मुदत असावी, काम फक्त तुमच्याकडे आहे की अनेक एजंटांकडे ते असावं आणि कमिशन कोणत्या टप्प्यावर देय होईल तेही असावं. शेवटच्या मुद्द्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. "व्यवहार झाल्यावर" हे शब्द पुरेसे नाहीत. टोकनला, साठेखताला (पुढे विकण्याच्या कराराला) की खरेदीखताला, ते स्पष्ट लिहा. तुम्ही दाखवलेल्या गिऱ्हाइकाने मुदत संपल्यावर परस्पर घर घेतलं तर काय, याचंही एक कलम हवं आणि दाखवलेल्यांची तारखेनिशी यादी मालकाकडे गेलेली हवी.

गुंतवणूकदाराला काय विचारायचं

घर दाखवण्याआधी पाच गोष्टी कळायला हव्यात: भाड्यासाठी घेतोय की दुरुस्त करून विकण्यासाठी, पैसा स्वतःचा किती आणि कर्जाचा किती, किती वर्षं ठेवणार, कमीत कमी किती परतावा हवा आणि अंतिम होकार कुणाचा. निधीचा पुरावा किंवा बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र नसेल तर मालकाच्या घरी त्याला नेऊ नका.

भाड्यासाठी घेणाऱ्यापुढे ठोक भाड्यावरचा, म्हणजे खर्च वजा न करता काढलेला परतावा ठेवणं ही त्याची फसवणूक आहे, नकळत झाली तरी. वरचंच घर घ्या. महिना भाडं 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000. 54 लाखांवर हे साधारण 4.4 टक्के दिसतं. आता एक महिना रिकामा धरा, राहिले 2,20,000. त्यातून देखभाल 24,000, मालमत्ता कर 8,000, विमा 3,000, दुरुस्ती 12,000 आणि व्यवस्थापनाचे 5 टक्के म्हणजे 11,000 वजा करा. निव्वळ उत्पन्न 1,62,000, परतावा बरोबर 3 टक्के. कर्जाचा हप्ता या निव्वळ उत्पन्नात धरायचा नसतो, कारण तो घराचा नव्हे, घेणाऱ्याचा खर्च आहे. तो वेगळा मांडा: 9 टक्क्यांनी 30 लाख कर्ज घेतलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज 2,70,000 च्या आसपास जातं. म्हणजे दरवर्षी लाखभर रुपये खिशातून, मुद्दल वेगळंच. हे त्याला तोंडावर सांगा. भाव वाढेल या भरवशावर त्याला घ्यायचं असेल तर तो त्याचा निर्णय; वाढीचं आश्वासन तुम्ही देऊ नका.

त्याला 3.5 टक्के हवे असतील तर 1,62,000 ला 0.035 ने भागा. 46,28,000 च्या पुढे त्याच्यासाठी हे घर नाही. मालकाचा पट्टा 53 पासून सुरू होत असेल तर या दोघांची भेट घडवण्यात कुणाचाच फायदा नाही. त्याला दुसरं घर शोधा.

भाड्याचा आकडा ऐकीव घेऊ नका. भाडेकरार आणि बारा महिन्यांच्या बँक नोंदी मागा. करारात 20,000 असतात आणि खात्यात 18,000 जमा होतात, असं खूपदा निघतं.

दुरुस्त करून विकणाऱ्याचं गणित उलट्या दिशेने चालतं. दुरुस्तीनंतरच्या विक्रीमूल्याचे 70 टक्के काढून त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, असा एक ढोबळ नियम ते वापरतात. 60 लाखांना विकलं जाणारं घर आणि 6 लाख दुरुस्ती असेल तर ऑफर 36 लाखांची. मालकाला हा आकडा अपमान वाटतो. त्या 30 टक्क्यांत दोन्ही वेळचे व्यवहारखर्च, व्याज, जोखीम आणि नफा असतो, हे त्याला तक्त्यावर दाखवा. घर राहण्याजोगं असेल तर अशा ऑफरकडे वळण्याची त्याला गरज नाही, हेही सांगा.

दोघांचे एजंट तुम्हीच असाल तर

काही ठिकाणी कायदाच याला मनाई करतो. जिथे चालतं तिथेही दोघांची लेखी संमती घ्या. मालक कुठपर्यंत उतरेल आणि घेणारा कुठपर्यंत चढेल, ही दोन्ही गुपितं तुमच्यापाशीच राहिली पाहिजेत. घराचे दोष मात्र गुपित नसतात, ते दोघांनाही लेखी द्या.

ऑफर आल्यावर

फक्त किंमत पाहू नका. समजा एक ऑफर 54 लाखांची, 80 टक्के कर्ज, 60 दिवस, दुसरी 52.5 लाखांची, कर्ज नाही, पैसे खात्यात तयार, 20 दिवस. 40 दिवस जास्त थांबण्याचा खर्च, म्हणजे मालकाच्या कर्जावरचं व्याज आणि देखभाल, साधारण 21,000 होतो. दीड लाखाच्या फरकापुढे तो काहीच नाही. खरा धोका मूल्यमापनात आहे. बँकेने घर 50 लाखांचं धरलं तर कर्ज 43.2 ऐवजी 40 लाख मिळेल आणि घेणाऱ्याला 3.2 लाख जादा उभे करावे लागतील. ते त्याच्याकडे आहेत का, हे विचारून लेखी घ्या, मग मालकाला निवडू द्या.

घरात भाडेकरू असेल तर कराराची मुदत, नोटिशीचा काळ आणि अनामत रक्कम साठेखतात लिहा. अनामत मालकाकडे पडून असते, पण ताब्यानंतर भाडेकरू ती नव्या मालकाकडे मागतो. म्हणून शेवटच्या हप्त्यातून ती वळती करून घ्या आणि चालू महिन्याचं भाडं ताब्याच्या तारखेनुसार दोघांत वाटा. त्याच दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, चाव्यांची संख्या पावतीवर लिहा आणि भाडेकरूला नव्या मालकाचं नाव व खातं कळवणाऱ्या पत्रावर दोघांच्या सह्या घ्या.