मातीतले माइट ओळखताना या चुका टाळा

मातीतला माइट, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातला सूक्ष्म जीव, चुकीचा ओळखला जातो तो बहुतेक वेळा ओळखसूची (लक्षणांच्या दोन-दोन पर्यायांतून नावापर्यंत नेणारी यादी) उघडण्याआधीच. नमुना कोणत्या अवस्थेतला आहे, तो कोणत्या बाजूने दिसतो आहे आणि त्याच्या अंगावरचा मातीचा थर निघाला आहे की नाही, हे न तपासता सूचीतल्या दोन पर्यायांपैकी एक निवडत पुढे गेलो, तर उत्तम सूचीसुद्धा आपल्याला ठाम पण चुकीच्या नावावर नेऊन सोडते. येथे मुख्यतः ओरिबॅटिड गटाचा विचार केला आहे, कारण पालापाचोळ्याखालची माती बर्लेसे-टुलग्रेन फनेलमध्ये (मातीतले जीव वेगळे करण्याच्या नरसाळ्यात) दिव्याखाली ठेवली की खालच्या अल्कोहोलमध्ये उतरणाऱ्या माइटांत हा गट ठळकपणे भेटतो आणि त्याच्या दहा हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे.

पिल्लाला प्रौढ समजणे

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला सहाच पाय असतात, त्यामुळे नवशिका अभ्यासक तिला कीटक समजून बाजूला ठेवतो. पुढच्या तीन अवस्थांना, म्हणजे निम्फना, आठ पाय असतात आणि खरी फसगत तिथे होते. ओरिबॅटिडचे निम्फ बहुधा फिकट व मऊ असतात, तर त्याच प्रजातीचा प्रौढ गडद, टणक कवचाचा आणि पूर्णपणे वेगळ्या ठेवणीचा असू शकतो. म्हणून पाय मोजून न थांबता जननछिद्राजवळच्या लहान गोल उंचवट्यांकडे पाहावे: अळीत ते नसतात, पहिल्या निम्फमध्ये त्यांची एक जोडी, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन जोड्या असतात. प्रौढातही तीनच जोड्या असतात, पण तिथे जननछिद्रावरच्या टणक झडपा आणि पाठीचे पूर्ण कवच पाहून फरक कळतो. डॅमिइडी कुळातले निम्फ आपल्या जुन्या काती पाठीवरच वाहतात आणि त्यांवर मातीचे कण चिकटलेले असतात. हा ढीग शरीराचाच भाग मानून त्याचे वर्णन लिहिले जाऊ नये.

अवस्थांमधले हे अंतर किती मोठे असते, ते आपल्या परिचयाच्या मृगाच्या किड्यातही दिसते. हा लाल मखमली माइट ओरिबॅटिड नाही, वेगळ्या गटातला आहे. पहिल्या पावसानंतर तो मातीवर मोकळा फिरताना दिसतो, पण त्याची सहा पायांची अळी कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून जगते. दोघांना शेजारी ठेवले तरी नाते सहज लक्षात येत नाही.

तुटलेला केस म्हणजे नसलेला केस नव्हे

सर्वात जास्त चुका येथेच होतात. ओरिबॅटिडच्या शरीराच्या पुढच्या भागावर ठरावीक जागी केसांच्या जोड्या असतात आणि मागच्या कडेला दोन वाट्यांसारख्या खोलगट जागांतून सेन्सिलस नावाचा संवेदी केस बाहेर येतो. तो धाग्यासारखा आहे, चातीसारखा मध्ये फुगलेला आहे की टोकाला गदेसारखा जाड आहे, यावर अनेकदा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आणि प्रजाती ठरतात. पण चाळताना किंवा सुईने हलवताना आधी तोच तुटतो. मग निरीक्षक ‘सेन्सिलस नाही’ असे लिहितो आणि मॅलॅकोनॉथ्रिडी कुळाकडे वळतो, कारण त्या कुळात तो खरोखरच नसतो. फरक वाटीत आहे: मॅलॅकोनॉथ्रिडीत वाटीसुद्धा नसते, तुटलेल्या नमुन्यात ती रिकामी का होईना, पण असते. हाच नियम पाठीवरच्या आणि जननझडपांवरच्या केसांना लावावा. केस नव्हे, तर केसांची मुळाशी असलेली छिद्रे मोजावीत, दोन्ही बाजूंची मोजावीत, आणि आकडे जुळले नाहीत तर दुसरा नमुना काढावा.

ही छिद्रे दिसण्यासाठी नमुना पारदर्शक व्हावा लागतो. खोलगट काचपट्टीवर लॅक्टिक आम्लात माइट ठेवून त्यावर कव्हरस्लिप अर्धीच सरकवली, तर ती हलकेच ढकलून नमुना लोळवता येतो आणि पाठ, पोट व कूस अशा तिन्ही बाजू पाहता येतात. गडद प्रजातींना यासाठी बरेच दिवस लागतात. घाईने थेट कायमची स्लाइड केली आणि माइट पाठ वर करून बसला, तर जननझडपा व गुदझडपा नीट पाहण्याची संधी जवळपास हातची गेली. माझ्या मते पहिले रेखाचित्र पूर्ण होईपर्यंत कायमची स्लाइड करूच नये.

रंगावरून तर कोणताही निर्णय घेऊ नये. नुकतीच कात टाकलेला प्रौढ फिका असतो आणि अल्कोहोलमध्ये रंग उतरतात. कव्हरस्लिपखाली दबलेल्या नमुन्याची रुंदीही वाढते, त्यामुळे मोजमाप दाब नसताना घ्यावे.

पंख, नख्या आणि मिटलेली पेटी

शेलोरिबेटिस या जीनसमधले आणि हॅप्लोझेटिडी कुळातले माइट एकमेकांसारखे दिसतात. दोघांच्या खांद्यावर टेरोमॉर्फ नावाचे पंखासारखे पापुद्रे असतात. शेलोरिबेटिसमध्ये ते कवचाशी जखडलेले असतात, तर हॅप्लोझेटिडीत सहसा बिजागरीची रेघ दिसते व ते हलतात. पंख आहेत एवढ्यावर न थांबता ही रेघ शोधावी. नख्या मोजतानाही पाय आडवा पडला असेल तर बाजूच्या दोन बारीक नख्या मधल्या जाड नखीआड लपतात आणि तीन नख्यांचा पाय एका नखीचा वाटतो.

फ्थिरॅकॅरिडी कुळातले माइट धोका जाणवताच शरीराचा पुढचा भाग चाकूच्या पात्यासारखा आत मिटून घेतात. मिटलेला नमुना एखाद्या बीसारखा दिसतो व कचऱ्याबरोबर फेकला जातो.

गटच चुकणे

चपळ, शिकारी माइटांचा मेसोस्टिग्माटा गट आणि ओरिबॅटिड यांच्यात गोंधळ झाला, तर मागच्या पायांच्या बुडाशी श्वसनछिद्र आणि तिथून पुढे जाणारी लांब पन्हळ शोधावी. ती मेसोस्टिग्माटाची खूण आहे. ध्रुवित (एकाच प्रतलात कंपणाऱ्या) प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी खात्री होते. फ्रेंच अभ्यासक फ्रान्स्वा ग्रांजाँ यांनी दाखवून दिल्याप्रमाणे ओरिबॅटिडच्या केसांचा गाभा अशा प्रकाशात उजळतो, मेसोस्टिग्माटाचा उजळत नाही.

परक्या प्रदेशाची सूची

युरोपातल्या प्रजातींसाठी केलेली सूची सह्याद्रीतल्या मातीला लावली तरी ती शेवटी एखादे नाव देतेच, कारण ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्याय तिच्यात नसतो. अशा वेळी जीनसपाशी थांबून ‘शेलोरिबेटिस, प्रजाती 1’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. मूळ वर्णनाशी ताडून पाहता आले, तरच पुढचे नाव द्यावे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तुलनेसाठी तिथे विचारणा करता येते. मात्र विचारणा करण्याआधी प्रत्येक कुपीत ठिकाण, तारीख, मातीची खोली आणि झाडोरा लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि ती पेन्सिलीने लिहिलेली असावी, कारण साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.